मुलांना बाहेर जेवायला नेताना: फास्ट फूडमधून योग्य निवड कशी करावी?

"डॉक्टर, मान कितीही घासली तरी मळ निघतच नाही." नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईची ही तक्रार होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मानेवरची ती काळी, जाडसर, मखमलीसारखी त्वचा म्हणजे मळ नव्हता. वजन वाढल्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसले की त्वचेवर अशी खूण दिसू शकते. मुलाच्या खाण्याची चौकशी केली तेव्हा कळले की घरचे जेवण तसे साधेच होते. पण शिकवणीहून येताना रोज एक थंड पेय आणि दर रविवारी बर्गर किंवा पिझ्झा ठरलेला होता.

त्या आईने पुढे विचारले, "मग बाहेरचं सगळं बंद करू का?" सोलापुरात मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझे उत्तर बहुधा "नाही" असे असते. पूर्ण बंदी घातली की मूल तेच पदार्थ शाळेबाहेर खाते आणि घरी सांगत नाही. त्यापेक्षा किती वेळा जायचे, काय मागवायचे आणि किती मागवायचे हे पालकांनी ठरवलेले बरे.

फास्ट फूड म्हणजे फक्त बर्गर-पिझ्झा नव्हे

बर्गर, पिझ्झा, फ्रेंच फ्राईज हे फास्ट फूड, आणि वडापाव, पावभाजी, शेवपुरी, मंचुरियन हे "आपलेच" म्हणून चालते, असे अनेक पालकांना वाटते. शरीर असा फरक करत नाही. पदार्थात मैदा, तेल, मीठ आणि साखर किती, भाजी आणि प्रथिने किती, एवढेच महत्त्वाचे असते. त्यामुळे साखळी उपहारगृहात बसा की सात रस्त्याच्या गाड्यावर उभे राहा, निवडीचे नियम तेच.

मुलांचे नुकसान कशामुळे होते?

- साखर: कोला प्रकारच्या २५० मिलि पेयात सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. दोन वर्षांवरील मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी मिळावी, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. एका ग्लासातच ही मर्यादा ओलांडली जाते. वर सांगितलेला मुलगा रोज एक पेय घेत होता. त्यातून त्याच्या पोटात महिन्याला पाऊण किलोहून जास्त साखर जात होती.
- मीठ: जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. मुलांना याहून कमी पुरते. चीज, सॉस, फ्राईज आणि नूडल्सच्या मसाल्यात मीठ भरपूर असते.
- तेल आणि मैदा: यांतून कॅलरी भरपूर मिळतात, पण पोट फार वेळ भरलेले राहत नाही.
- जे मिळत नाही ते: लोह, तंतू, जीवनसत्त्वे आणि पुरेशी प्रथिने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून "माझे मूल बारीकच आहे, खाऊ दे" हा युक्तिवाद चालत नाही. बारीक मुलाचे पोट फ्राईजने भरले तर रक्त वाढवणारे अन्न खायला त्याच्या पोटात जागाच उरत नाही.

मेन्यूवरचे आकडे वाचा

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपहारगृहांनी मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्यात, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) नियम आहे. तो जुलै २०२२ पासून लागू आहे. पदार्थात कोणते ॲलर्जीकारक घटक आहेत, हेही सांगणे त्यांना बंधनकारक आहे. आकडे बारीक अक्षरात असले तरी शोधा. सापडले नाहीत तर काउंटरवर विचारा.

मेन्यूवर "दिवसाला २००० कॅलरी" असे लिहिलेले असते. ते प्रमाण मोठ्या माणसाचे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० आणि ७ ते ९ वर्षांच्या मुलाला सुमारे १७०० कॅलरी पुरतात.

आता हिशेब करून पाहा. एक साधा बटाटा टिक्की बर्गर साधारण ३४०, मध्यम फ्राईज ३२० आणि कोलाचा एक ग्लास १३० कॅलरी. एकूण झाल्या जवळजवळ ८००. आठ वर्षांच्या मुलाची दिवसभराची निम्मी गरज एका बैठकीत संपली, आणि त्याला अजून रात्रीचे जेवायचे आहे.

मागवताना चार गोष्टी या क्रमाने ठरवा

१. आधी पेय. एकच बदल करायचा असेल तर हा करा. थंड पेयाऐवजी पाणी किंवा साधे ताक घ्या. डब्यातला किंवा पाकिटातला फळांचा रस, गोड लस्सी, मिल्कशेक, कोल्ड कॉफी यांतही साखर असते. "एनर्जी ड्रिंक" मुलांना अजिबात देऊ नका. त्यात कॅफिन असते आणि मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना डब्यावरच छापलेली असते.

२. मग आकार. "थोडे पैसे वाढवा, मोठा घ्या" ही सवलत दुकानदाराच्या सोयीची आहे. सर्वांत लहान आकार घ्या. मोठाच मागवला असेल तर तो सगळ्यांत वाटून घ्या. खेळणे मिळते म्हणून मुलाने आख्खा सेट मागितला, तर त्यातले पेय आणि फ्राईज बदलून मिळतील का ते विचारा. काही ठिकाणी त्याऐवजी पाणी, मक्याचे दाणे किंवा दूध मिळते.

३. तळलेले एकच. बर्गरची टिक्की तळलेली असेल तर फ्राईज नकोत. फ्राईज हवेच असतील तर एक लहान पाकीट सगळ्यांत मिळून घ्या.

४. शेवटी वरचे-सोबतचे. एक मोठा चमचा मेयोनीजमध्ये साधारण ९० ते १०० कॅलरी असतात. केचपच्या मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर असते. जादा चीज आणि जादा बटर नको म्हणून आधीच सांगा. सॉस वेगळा मागा, म्हणजे मूल हवा तेवढाच घेईल.

ठिकाणानुसार बरी निवड

- बर्गरचे दुकान: एकाच टिक्कीचा लहान बर्गर, मेयोनीज कमी, कांदा-टोमॅटो-काकडी जास्त. सोबत पाणी.
- पिझ्झा: पातळ पोळीचा, सिमला मिरची, मका, टोमॅटो, मशरूम किंवा पनीर घातलेला. लहान मुलाला एक-दोन तुकडे पुरतात. गार्लिक ब्रेड वेगळा मागवू नका.
- पावभाजी: भाजी जास्त, पाव एक किंवा दोन, वरून लोणी नको. कांदा आणि लिंबू भरपूर.
- चायनीज: भाज्यांचे सूप आणि वाटून घेतलेले भाज्या घातलेले नूडल्स. मंचुरियन तळलेले असते, शिवाय त्यात रंगाचा धोका असतो.
- चाट: कांदा, टोमॅटो आणि उकडलेले हरभरे किंवा मूग घातलेली भेळ, शेव कमी. मात्र स्वच्छता पाहूनच.
- मांसाहार: तळलेल्या चिकनऐवजी तंदुरी किंवा भाजलेले चिकन. उकडलेले अंडे किंवा ऑम्लेटही चांगले.
- उडुपी हॉटेल: इडली-सांबार, साधा डोसा, भाज्या घातलेला उत्तप्पा. इडली वाफवलेली असते आणि सांबारातून डाळ व भाजी मिळते. सोलापुरात इडलीची दुकाने गल्लोगल्ली आहेत. मुलांसाठी यापेक्षा सोपे फास्ट फूड शोधावे लागत नाही.
- भाकरीची थाळी: ज्वारीची भाकरी, उसळ किंवा पिठले, दही, थोडी शेंगा चटणी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे धान्य आपल्याच जिल्ह्यातले आहे, मुलांना त्याची चव लहानपणीच लावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र शेंगा चटणी देऊ नये. चटणी ज्या चमच्याने वाढली तो चमचाही वापरू नये.

निघण्यापूर्वी घरी काय करावे?

मुलाला कडकडीत भूक लागलेली असताना बाहेर नेऊ नका. अर्धा तास आधी एखादे फळ, डाळिंबाचे दाणे किंवा मूठभर फुटाणे द्या. (चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे आणि फुटाणे देऊ नका, ते घशात अडकू शकतात.) पाण्याची बाटली सोबत घ्या. काय मागवायचे ते घरीच ठरवा आणि दोन बऱ्या पर्यायांतून निवड मुलाला करू द्या.

"गुण चांगले पडले तर पिझ्झा" असे बक्षीस ठेवू नका. बक्षीस म्हणून मिळालेला पदार्थ मुलांना नेहमीच जास्त मोलाचा वाटतो. आजी-आजोबांनाही या ठरवण्यात सामील करून घ्या. त्यांचे प्रेम खाऊतून व्यक्त होते. त्यांना "देऊ नका" म्हणण्यापेक्षा "हे द्या" असे सांगितलेले चालते. साधारण पंधरा दिवसांतून एकदा बाहेर खाणे हे बहुतेक घरांना पाळता येण्यासारखे प्रमाण आहे. जानेवारीत होम मैदानावर गड्डा यात्रा भरते, तेव्हा "एका फेरीला एक पदार्थ" असा नियम घरातून निघतानाच ठरवा.

स्वच्छता, तेल आणि रंग

बाहेरच्या खाण्यातून मुलांना जुलाब, विषमज्वर आणि कावीळ होण्याचा धोका असतो. उघड्यावरचे पाणी, बर्फ, कापून ठेवलेली फळे आणि पातळ हिरवी चटणी टाळा. डोळ्यांसमोर गरम केलेला पदार्थ त्यामानाने सुरक्षित असतो.

तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढतात. असे घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेले तेल वापरू नये, असा एफएसएसएआयचा नियम २०१८ पासून आहे. कढईतले तेल काळपट असेल, त्यावर फेस येत असेल किंवा खूप धूर निघत असेल, तर तिथे तळलेले काही घेऊ नका.

शेजारच्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीत (म्हातारीच्या केसांत) कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घालण्यात आली, कारण तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग सापडले होते. पदार्थ डोळ्यांत भरेल इतका लालभडक किंवा गुलाबी दिसला तर मुलाला देऊ नका.

शाळेच्या आसपास

महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपहारगृहांत जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही असे पदार्थ विकता येत नाहीत. पालक सभेत हा विषय जरूर काढा. डब्यात आवडीचा पदार्थ असला की बाहेरच्या गाड्याची ओढही कमी होते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काही दिसल्यास तपासणी करून घ्या:

- मान, काखा किंवा कोपरे काळी आणि जाडसर होणे
- वजन झपाट्याने वाढणे, झोपेत घोरणे, थोडे चालल्यावर दम लागणे
- फिकेपणा, सतत थकवा, माती किंवा खडू खाण्याची इच्छा

मुलांचे वजन मोठ्यांच्या बीएमआयच्या आकड्यांवरून ठरवू नका. त्यासाठी वय आणि लिंगानुसार इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे वाढीचे तक्ते आहेत. मुलाला उपाशी ठेवणे किंवा वजन घटवण्याच्या पावडरी देणे धोक्याचे आहे.

पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नका, लगेच रुग्णालयात जा:

- खूप तहान लागणे, वारंवार लघवी होणे, वजन घटणे (हा मधुमेह असू शकतो)
- बाहेरचे खाल्ल्यावर ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास घ्यायला त्रास होणे
- जुलाबातून रक्त पडणे, उलट्या न थांबणे, मूल मलूल होणे, सहा-आठ तास लघवी न होणे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ओआरएस घोट घोट पाजत राहा.

शेवटी

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचे बाहेर खाणे आम्ही बंद केले नाही. पहिल्या महिन्यात फक्त रोजचे थंड पेय थांबवले. दुसऱ्या महिन्यात दर रविवारऐवजी एक रविवार सोडून बाहेर जायचे ठरवले आणि संध्याकाळी तासभर मैदानावर खेळ सुरू केला. सहा महिन्यांत त्याची उंची वाढली, वजन जवळपास तेवढेच राहिले. वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांमध्ये एवढे साधले तरी ते यश असते. मानेचा काळेपणा हळूहळू कमी होतो आहे. आईने मान घासणे आता सोडून दिले आहे.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाला मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा अन्नाची ॲलर्जी असेल, तर आहारातील बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.