आईच्या डोळ्यांतले ठिपके

मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. शाळेत झाडाचं खोड हिरवं रंगवलं, तेव्हा घरी समजलं. डॉक्टर म्हणाले, हे आईच्या एक्स गुणसूत्रातून येतं. त्या रात्री आई जेवली नाही. ‘माझ्यामुळे झालं’, हे ती आजही म्हणते.

तिला द्यायचं उत्तर मला उंदरांच्या इतिहासात सापडलं.

बायकांच्या पेशीत दोन एक्स, पुरुषांच्या पेशीत एक. मग बायकांमध्ये त्या जनुकांचं काम दुप्पट का होत नाही? १९४९ साली कॅनडात मरी बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम यांना मांजरींच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला. बोक्यांमध्ये तो नव्हता. तो ठिपका म्हणजे आक्रसलेला एक एक्स, हे पुढे सुसुमु ओनो यांनी दाखवलं.

धागे जुळवले ते मेरी लायन यांनी. १९४६ साली केंब्रिजने त्यांना नावापुरती पदवी दिली होती. मुलींना पूर्ण पदवी तिथे १९४८मध्ये मिळू लागली. पुढे इंग्लंडमधल्याच हार्वेलला, किरणोत्साराचे धोके तपासणाऱ्या केंद्रात, त्यांनी ठिपकेदार उंदरिणी पाहिल्या. १९६१ साली ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं: मादीचा भ्रूण अगदी लहान असतानाच त्याची प्रत्येक पेशी एका एक्सला कुलूप लावते. आईकडच्या की बापाकडच्या, हा छापा-काटा. एकदा ठरलं की त्या पेशीचा सगळा वंश तेच पाळतो. जनुकातलं एक अक्षरही बदलत नाही. काळ्या-केशरी मांजरीचे ठिपके असेच पडतात.

अनेक वर्षं यावर वाद झाले. १९९१ साली हे कुलूप लावणारं ‘एक्सिस्ट’ जनुक सापडलं. तेही एक्सवरच!

मी आईला सांगितलं, “तू आजीच्या पोटात काही दिवसांची होतीस, तेव्हाच हे ठरलं. तुझ्या डोळ्यांच्या पडद्यावर दोन्ही प्रकारचे ठिपके आहेत. काही ठिपक्यांत सदोष एक्स बंद आहे, म्हणून तुला जास्वंद लाल दिसते. बीजांड तयार होण्याआधी ते कुलूप उघडतं, आणि मुलाला कुठला एक्स मिळणार, हा पुन्हा छापा-काटा. यात तू काय केलंस?”

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मीपण आपल्या पार्किंगमधल्या मांजरीसारखीच की!”

त्या रात्री ती पोटभर जेवली.