ब्रह्मदेव : पुराणांतील आणि बौद्ध ग्रंथांतील

ब्रह्मा, विष्णू व महेश ही त्रिमूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु सृष्टिकर्त्या ब्रह्मदेवाची देवळे फारच थोडी. राजस्थानात पुष्कर, गोव्यात सत्तरी तालुक्यातील ब्रह्मकरमळी. तेथील मूर्ती मूळची तिसवाडीतील करमळी गावची. १६ व्या शतकात पोर्तुगीज अमदानीत देवळांवर गदा आली, तेव्हा भाविकांनी ती सत्तरीत नेऊन वाचविली. घरी असा दुर्लक्षित राहिलेला हा देव बौद्ध ग्रंथांत मात्र पदोपदी भेटतो.

बोधगयेस ज्ञानप्राप्ती झाल्यावर, हा गहन धर्म लोकांस समजणार नाही, व्यर्थ शीण होईल, असे भगवान बुद्धांच्या मनात आले. तेव्हा सहंपती नावाचा ब्रह्मा खाली उतरला व गुडघा टेकून, हात जोडून त्याने धर्मोपदेशाची विनंती केली. ती मान्य झाली आणि पुढे सारनाथला पहिले प्रवचन घडले. गांधार शिल्पांत हा प्रसंग कोरलेला असून त्यात ब्रह्मदेव जटाधारी तपस्व्यासारखा दिसतो.

दीघनिकायातील केवट्ट सुत्तात एक मौजेची कथा आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते निःशेष कोठे लय पावतात, असे विचारीत एक भिक्षू थेट महाब्रह्म्यापर्यंत गेला. ‘मीच कर्ता’ असे ब्रह्म्याने पुनःपुन्हा सांगितले. पण भिक्षू हटेना. अखेर ब्रह्म्याने त्याचा हात धरून बाजूस नेले व कबूल केले, की हे मलाही ठाऊक नाही. देवांसमक्ष कसे सांगणार? तू बुद्धांनाच विचार.

ही देवाची टवाळी नव्हे. बौद्ध मते ब्रह्मा सृष्टिकर्ता नाही व अमरही नाही, ब्रह्मे अनेक आहेत. हा भेद मोठाच आहे व तो झाकण्याचे कारण नाही. मात्र आपल्या पुराणांतही त्याचे आयुष्य त्याच्या मापाने १०० वर्षांचेच आहे. त्याचा एक दिवस म्हणजे १,००० चतुर्युगे, एवढेच.

ब्रह्मलोकाची वाट विचारणाऱ्या दोन ब्राह्मण तरुणांना बुद्धांनी मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांची भावना सांगितली. यांनाच ब्रह्मविहार म्हणतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच चार नावे याच क्रमाने येतात.

थायलंडात बँकॉक येथे एका हॉटेलच्या बांधकामात विघ्ने येऊ लागली, म्हणून १९५६ साली तेथे चतुर्मुख ब्रह्मदेवाची स्थापना झाली. बौद्ध भाविक त्यास झेंडूच्या माळा वाहतात आणि फ्रा फ्रोम म्हणतात.