दिनविशेष – १३ फेब्रुवारी : सत्त्याण्णवाव्या वर्षी ग्रॅमी

ब्लूज पियानोवादक पाइनटॉप पर्किन्स यांना २०११ साली आजच्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांचे वय होते ९७. एवढ्या वयात ग्रॅमी जिंकणारे ते तोवरचे पहिलेच कलावंत. हा पुरस्कार मिळवून देणारा 'जॉइन्ड अ‍ॅट द हिप' हा अल्बम त्यांनी जुने साथीदार विली 'बिग आइज' स्मिथ यांच्यासोबत केला होता.

जो विली पर्किन्स यांचा जन्म ७ जुलै १९१३ रोजी मिसिसिपीतील बेलझोनी येथला. आधी ते गिटार वाजवत. १९४०च्या दशकात एका भांडणात चाकूच्या वाराने डाव्या हाताचे स्नायुबंध तुटले आणि गिटार सुटली. मग त्यांनी सारा जीव पियानोत ओतला. १९६९मध्ये पियानोवादक ओटिस स्पॅन यांच्या जागी ते ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या बँडमध्ये आले आणि दशकभराहून अधिक काळ त्यांना साथ केली. गायकाला पुढे जाऊ द्यायचे, पण तालाची पकड ढिली होऊ द्यायची नाही, ही त्यांची खासियत. थोर साथीदाराकडे जग उशिरा वळून पाहते, ते इथेही झाले. 'आफ्टर अवर्स' हा त्यांचा अमेरिकेतला पहिला एकल अल्बम १९८८मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर निघाला. त्यानंतर मात्र ध्वनिमुद्रणांचा ओघ थांबला नाही.

पुरस्कारानंतर पाच आठवड्यांनी, २१ मार्च २०११ रोजी, टेक्सासमधील ऑस्टिन येथे त्यांचे निधन झाले.