जुनी जिप्सी घरच्या घरी: आधी दुरुस्ती, मग मॉडिफिकेशन

मारुती जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सुरुवातीला तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. आता मिळते ती सेकंडहँडच. गाडी घेतली की बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात मोठे टायर, लिफ्ट किट आणि लाइट बार लावायचा असतो. फोन रूट करण्याआधी आपण बॅकअप घेतो, इथे मात्र तेवढंही कोणी थांबत नाही. फोन बिघडला तर डेटा जातो. घाटात ब्रेक गेला तर काय जाईल, ते सांगायला नको.

म्हणून घरी काम करायचं तर नेमकं कोणत्या क्रमाने, ते या लेखात पाहू.

काम सुरू करण्याआधी

जागा सपाट आणि टणक हवी. गाडी जॅकवर उचलली की लगेच चेसिस किंवा ॲक्सलखाली जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

मोबाइलचा इथे चांगला उपयोग होतो. कोणताही भाग खोलण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढा. कोणती नळी कुठे होती आणि वॉशर कोणत्या बाजूला होता, हे दोन दिवसांनी आठवत नाही. मात्र ओबीडी अ‍ॅपकडून अपेक्षा ठेवू नका. कार्ब्युरेटरच्या जिप्सीत इंजिन सांभाळणारा ईसीयूच नाही, मग अ‍ॅप वाचणार काय? तिथे कान, नाक आणि हात हेच सेन्सर.

पहिलं काम: गाडी मूळ स्थितीत आणणे

*गंज.* रबर मॅट उचलून फ्लोअरचा पत्रा बघा. दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरच्या कमानी आणि मागच्या बाजूची चेसिस नीट तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर आतून सडलेला आहे. गंज न काढता वरून काळा अंडरकोट मारला तर गंज आतल्या आत वाढत राहतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तर लवकरच. चेसिसला भोक पडलं असेल तर ते काम जाणकार वेल्डरचं, घरचं नाही.

*ब्रेक.* ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मानकानुसार डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ऑइल तापून वाफ होते. वाफ दबते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. बदलल्यावर ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. आधी कधी केलं नसेल तर पहिल्यांदा मेकॅनिकसमोर करा.

*बाकीची ऑइल्स.* इंजिन ऑइल सगळे बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल या चार जागा मात्र विसरल्या जातात. गाडी पाण्यातून गेली असेल तर ही ऑइल्स तपासा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारा.

*कमानपाटे आणि स्टिअरिंग.* जिप्सीला चारही चाकांना कमानपाटे आहेत. तुटलेलं पान, झिजलेले बुश आणि ढिले यू-बोल्ट बघा. चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. खटखट आली तर बेअरिंग किंवा जोड झिजलेत.

मोठे टायर: हिशोब करून बघा

समजा २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टायर बसवले. जुन्याचा व्यास सुमारे ६६८ मिमी, नव्याचा सुमारे ७३४ मिमी, म्हणजे साधारण १० टक्के जास्त. यातून काय होतं?

• ॲक्सल जमिनीपासून ३३ मिमी वर जातो. हा खरा फायदा.
• मीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ च्या आसपास असते. सरळ रस्त्यावर शेजारी बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघायला सांगा, फरक दिसेल.
• त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ साधारण ९ टक्क्यांनी घटते. उतारावर इंजिन ब्रेकिंगही तेवढंच कमी होतं.
• तेवढंच थांबायला ब्रेक पेडल जास्त जोरात दाबावं लागतं.

गोष्ट इथे संपत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मोठा टायर घासू शकतो, म्हणून लिफ्ट करावी लागते. लिफ्ट केली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि थरथर सुरू होऊ शकते. चाक खाली लोंबल्यावर ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. म्हणजे टायर बदलायला गेलात आणि काम ब्रेकपर्यंत पोचलं. म्हणून एका वेळी एकच बदल करा, आठवडाभर गाडी चालवा, मग पुढचा.

लाइट बार

१२० वॉटचा लाइट बार १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतो. जुन्या डॅशबोर्डच्या स्विचमधून एवढा करंट नेला तर वायर तापते, आग लागू शकते. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, पुढे रिले आणि तेवढा करंट पेलणारी जाड वायर हवी. स्विचने फक्त रिले चालवायचा. आणि रस्त्यावर हा लाइट बंदच ठेवा, समोरच्याला काही दिसत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह कधी?

जिप्सीत सेंटर डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. त्यामुळे फोर व्हील फक्त चिखल, वाळू, सैल दगड अशा ठिकाणीच.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीमध्ये नोंदलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं काही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि तेव्हा आरटीओत गाडी तपासली जाते. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा आणि पत्रा कापून करायचे बदल टाळा. नट-बोल्टने बसवलेलं परत काढता येतं, कापलेलं परत जोडलं तरी ते मूळचं राहत नाही.

थोडक्यात क्रम

गंज, ब्रेक, ऑइल्स, पाटे-स्टिअरिंग, आणि मग मॉडिफिकेशन. यातली पहिली चार कामं नीट केलेली जिप्सी मूळ टायरवरही बऱ्याच ठिकाणी जाते. कुठे अडते ते एकदा कळलं, की पैसे नेमके कशावर घालायचे तेही कळतं.