एका सूर्याखालची दोन स्मारके



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माणगावात नांदायला येऊन मला वीस-बावीस वर्षे झाली, आणि इतक्या वर्षांत ज्या पुतळ्याला आपण नुसता जाता-येता नमस्कार करतो, त्याची हकीकत आपल्याच मुलांना सांगता येऊ नये, याची मनाला लाज वाटली. म्हणून हा प्रपंच.

नाईक यशवंत घाडगे हे आपल्याच तालुक्यातील पळसगावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. ४ जून १९४४ रोजी रोम शहर जर्मनांच्या हातून गेले. मग त्यांच्या फौजा डोंगराच्या आश्रयाने उत्तरेकडे हटू लागल्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकेक टेकडी लढून घ्यावी लागत होती.

१० जुलै १९४४ रोजी यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सारे सोबती पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले एकटे यशवंतराव. ते मागे फिरले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकला आणि मशीनगन व ती चालवणारा दोन्ही बंद पाडले. एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळवले. इतक्यात दडून बसलेल्या शत्रूची गोळी त्यांना लागली व तेथेच त्यांचा अंत झाला. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सैन्यात याहून मोठे शौर्यपदक नव्हते.

ही हकीकत सांगितल्यावर माझ्या मुलीने विचारले, "आई, पण ते इंग्रजांसाठीच मेले ना?" मी गप्प झाले. दोनच वर्षांपूर्वी, १९४२ साली, इकडे 'चले जाव'चा पुकार झाला होता, हे तिला शाळेत शिकवलेले. तिचे काही चुकले नव्हते. दोन दिवस मी विचार केला. मग तिला म्हटले, "बाळ, युद्ध कोणाचे हे ठरवणारे दूर बसलेले असतात. त्या टेकडीवर त्यांच्यापुढे राजा नव्हता, रक्तात पडलेले सोबती होते. नमस्कार करायचा तो त्या माणसाला."

आणि हा नमस्कार एकटे माणगावच करते असे नाही. जुलै २०२३ मध्ये इटलीतील माँतोने या लहानशा गावाने यशवंतरावांच्या नावाचे स्मारक उभारले. ते पुतळ्याचे नाही, छायायंत्राचे आहे. सूर्याची सावली पडते आणि वेळ समजते. त्यावरचे बोधवाक्य सांगते की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. इटलीत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि त्यांपैकी ५,७८२ परतले नाहीत. तेथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ आपल्या जवानांचे. ज्यांच्या शेताबांधांतून ते युद्ध गेले, त्यांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनी आपल्या पळसगावच्या मुलाची आठवण ठेवावी, हे वाचून माझे डोळे भरून आले.

आता बायकांच्या मनातले एक सांगते. ते पदक व्हाइसरॉयने यशवंतरावांच्या पत्नीच्या हाती दिले. पदकाबरोबरच्या सरकारी वर्णनात मशीनगन आहे, हातबॉम्ब आहे. तिच्याविषयी एक अक्षरही नाही. लढाई काही क्षणांची झाली, पण नवऱ्यावाचून काढायचे आयुष्य पुढे सारे पडले होते. त्याला पदक नसते.

दरवर्षी त्यांची जयंती साजरी होते, तेव्हा आपण हार घेऊन जातोच. यंदा मंडळाने आणखी एक काम हाती घ्यावे. आपल्या आळीतल्या व शेजारच्या वाड्यांतल्या ज्या घरांतून कोणी पलटणीत गेले, त्या घरी जाऊन बसावे आणि मागे राहिलेल्या आयांची व बायकांची हकीकत त्यांच्याच तोंडून वहीत उतरवून घ्यावी. लिहायला मी येईन. माझे अक्षर बरे आहे.