दोन भाषा आणि ताळा

सोलापुरांत मी नवा मास्तर म्हणून लागलों, त्या काळची एक गोष्ट मला अद्याप टोचते. विणकरांच्या वस्तींतील एक तेलुगू आई मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अंगठा उठविण्यास शाळेंत आली होती. मुलगा मराठी वाचनांत मागें होता. मीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, "बाई, घरीं तेलुगू बोलूं नका. दोन भाषांनीं पोराच्या डोक्यांत गोंधळ होतो." ती "बरं मास्तर" म्हणून गेली आणि तिनें माझा शब्द पाळला. तिला स्वतःला मराठी मोडकेंतोडकेंच येत असे. तेव्हां त्या घरांत मायलेकांचें बोलणेंच आटलें, हें मला मागाहून समजलें. माझ्या सल्ल्याला आधार काय होता? शिक्षकांच्या वर्गांत कानावर पडलेलें एक वाक्य! अशा मताचा जन्म कसा झाला व पुढें त्याची काय गति झाली, हा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. तेथील अनेक मुलांची घरची भाषा वेल्श आणि शाळेंतली इंग्रजी असे. १९२३ सालीं डी. जे. सेअर यांनीं तेथील ७ ते १४ वर्षांच्या सुमारें १,४०० मुलांच्या बुद्धिमापनाचे आंकडे प्रसिद्ध केले. खेड्यांतील द्विभाषी मुलें एकभाषी मुलांच्या मागें आढळलीं. शहरांत मात्र तसा फरक दिसला नाहीं. या दोन वाक्यांपैकीं दुसरें अधिक मोलाचें होतें. दोन भाषा हेंच जर दोषाचें मूळ असेल, तर तो दोष शहरांत कां दिसूं नये? परंतु लोकांच्या ध्यानांत पहिलें वाक्यच राहिलें. दोन भाषा म्हणजे मनाचा गोंधळ, हें मत शिक्षणाच्या क्षेत्रांत रूढ होऊन बसलें.

त्याच वेल्समध्यें पुढें डब्ल्यू. आर. जोन्स यांनीं हें गणित पुन्हां मांडलें. वरवर पाहतां एकभाषी मुलेंच सरस दिसत. परंतु बापाचा उद्योगधंदा लक्षांत घेऊन सारख्या स्थितींतील मुलांची तुलना करतांच तो फरक उरला नाहीं. १९५९ सालच्या त्यांच्या ग्रंथांत हा निष्कर्ष आला. म्हणजे मागासलेपणा ज्या भाषेच्या माथीं मारला गेला, तो पुष्कळ अंशीं दारिद्र्याचा होता!

यानंतर तराजूचें पारडें दुसऱ्या बाजूस झुकलें. १९६२ सालीं कॅनडांतील माँट्रियल शहरीं एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनीं सहा फ्रेंच शाळांतील दहा वर्षांचीं मुलें तपासलीं. घरच्या स्थितीचा विचार करूनही येथें द्विभाषी मुलेंच बुद्धीच्या कसोट्यांत पुढें आलीं. तथापि, दोन्ही भाषांवर सारखें प्रभुत्व असलेलीं मुलेंच त्यांनीं द्विभाषी म्हणून निवडलीं होतीं. मग दोन भाषांमुळें बुद्धि वाढली, कीं मूळच्या हुशार मुलांनींच दुसरी भाषा चांगली आत्मसात केली, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

२००४ सालीं एलेन बायलिस्टॉक आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रौढ व वृद्ध माणसांवर प्रयोग केले. पडद्यावर रंगीत चौकोन दिसावा, त्याच्या रंगावरून डावी किंवा उजवी कळ दाबावी, आणि चौकोन कोणत्या बाजूस आहे याकडे लक्ष देऊं नये, असा तो खेळ. त्यांत भारतांतील तमिळ-इंग्रजी बोलणारीं माणसें कॅनडांतील एकभाषी माणसांपेक्षां सरस ठरलीं. पहिल्या प्रयोगांत माणसें होतीं अवघीं चाळीस. शिवाय दोन गट दोन निराळ्या देशांतले! पण वार्ता जगभर गेली, आणि दोन भाषांनीं मेंदू तल्लख होतो, असें जो तो म्हणूं लागला.

मग ताळा करणारे पुढें सरसावले. केनेथ पाप आणि झॅकरी ग्रीनबर्ग यांना २०१३ सालीं अनेक कसोट्या लावूनही असा सुसंगत लाभ आढळला नाहीं. २०१४ सालीं स्पेनमधील बास्क प्रदेशांतील २५२ द्विभाषी मुलें तेवढ्याच एकभाषी मुलांशीं ताडून पाहिलीं गेलीं, फरक नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंतील नऊ-दहा वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या तपासणींतही लाभाचा पुरावा मिळाला नाहीं. याहून उद्बोधक शोध २०१५ सालीं अँजेला द ब्राइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लावला. विद्वत्परिषदांतून वाचलेल्या निबंधांचा त्यांनीं मागोवा घेतला. लाभ दाखविणाऱ्या निबंधांपैकीं ६८ टक्के पुढें छापले गेले. लाभ नाकारणाऱ्यांपैकीं केवळ २९ टक्के. अनुकूल उत्तर छापखान्यांत जातें आणि प्रतिकूल उत्तर मेजाच्या खणांत राहतें. मग वाचकाला सत्य एकाच बाजूला दिसावें, यांत नवल तें काय?

आम्ही मास्तर मुलांना सांगत असूं, "उत्तर आलें कीं ताळा करून पाहा." भाषाशिक्षणाच्या शास्त्रांत हा ताळा म्हणजे फेरप्रयोग. कधीं मूळचा प्रयोग तंतोतंत तसाच करावयाचा, कधीं एखादीच गोष्ट बदलून, तर कधीं तोच प्रश्न निराळ्या रीतीनें विचारावयाचा. परंतु या कामास मान थोडा. एमा मार्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं हिशेब केला, तेव्हां दुसऱ्या भाषेच्या अध्ययनावरील सुमारें ४०० लेखांमागें एकच लेख स्वतःस फेरप्रयोग म्हणवीत होता. चारशें गणितें सोडवून ताळा एकाचाच!

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. २०१३ सालीं हैदराबादेंत सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. द्विभाषी रुग्णांत तो विकार सुमारें साडेचार वर्षें उशिरा दिसून आला. निरक्षरांतही उशीरच आढळला. हें वाचून मला आनंद झाला. पण तो पचवितांना मीं स्वतःस बजावलें, कीं ही एकाच रुग्णालयांतील पाहणी आहे. हिचाही ताळा झाला पाहिजे. आपल्या आवडीच्या उत्तरालाच ताळ्याची गरज अधिक असते.

त्या माउलीचा मुलगा पुढें मराठी नीट वाचूं लागला. त्यासाठीं घरची तेलुगू बंद करण्याचें कांहींच कारण नव्हतें. दुसरी भाषा बुद्धि वाढवो वा न वाढवो. आईशीं बोलण्यास मुलाला इतर कोणतें कारण लागावें? तेव्हां, श्रोतेहो, आपल्या मुलांचे शिक्षक उद्यां असा एखादा सल्ला ठामपणें देऊं लागले, तर नम्रपणें एवढेंच विचारा, "मास्तर, याचा ताळा कोणी केला आहे काय?" मला तो प्रश्न त्या दिवशीं कोणी विचारला असता, तर फार बरें झालें असतें.