एचआयव्ही-१, उपप्रकार बी : प्रसाराचा जनुकीय मागोवा

अमेरिका, पश्चिम युरोप व ऑस्ट्रेलियात प्रामुख्याने आढळणारा एड्सच्या विषाणूचा उपप्रकार. (भारतातील बहुतेक संसर्ग सी उपप्रकाराचे आहेत.) एड्सची पहिली नोंद १९८१ मध्ये अमेरिकेत झाली, पण विषाणू तिथे कधी आणि कुठून आला, याचा उलगडा पुढे रुग्णांच्या आठवणींतून नव्हे, तर साठवलेल्या रक्तातील विषाणूंच्या जनुकक्रमांवरून झाला.

एचआयव्हीची जनुकसामग्री सुमारे ९,७०० घटकांची असते आणि तिची नक्कल होताना वारंवार चुका होतात. या चुका पुढच्या पिढ्यांत उतरतात, त्यामुळे कुलवृत्तांतात घराण्याच्या शाखा लावाव्यात तसे नमुने वंशवृक्षावर लावता येतात. नमुना कोणत्या वर्षीचा हे ठाऊक असेल, तर बदलांचा वेगही काढता येतो आणि फांद्या कधी फुटल्या याचा अंदाज बांधता येतो. या पद्धतीला रेणवीय घड्याळ म्हणतात. ते तारीख सांगत नाही, काही वर्षांचा पट्टा सांगते.

मायकेल वोरोबी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हैतीहून मायामीला आलेल्या पाच रुग्णांचे १९८२-८३ मधील जुने नमुने तपासले. हैतीतील विषाणूंच्या फांद्या वृक्षाच्या मुळाशीच फुटलेल्या दिसल्या. अमेरिकेसह उर्वरित जगातील बहुतेक विषाणू मात्र त्यांतून निघालेल्या एकाच फांदीवर होते. अमेरिकी पर्यटकांनी रोग हैतीत नेला, ही कल्पना यामुळे मागे पडली. विषाणू आफ्रिकेतून हैतीत १९६६ च्या सुमारास व तिथून अमेरिकेत १९६९ च्या सुमारास गेला असावा, असे गणित निघाले. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाल्यावर अनेक हैतीवासी तिथे नोकरीला गेले होते. विषाणू परतणाऱ्यांबरोबर आला असावा, हे मात्र इतिहासावरून केलेले अनुमान आहे; जनुकक्रम तेवढे सांगत नाही.

पुढच्या टप्प्यात अमेरिकेतील जुने नमुने तपासले गेले. १९७८-७९ मधील रक्तरसाच्या या नमुन्यांत विषाणूचा आरएनए पार तुकडे होऊन गेला होता. लहान, एकमेकांवर चढणारे भाग वाढवून तो जोडावा लागला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून न्यूयॉर्कमधील प्रसार १९७१ च्या आसपास, तर सॅन फ्रान्सिस्कोमधील त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाल्याचे दिसले. साथीचा ‘शून्य रुग्ण’ म्हणून वर्षानुवर्षे बदनाम झालेल्या विमानसेवकाचा विषाणूही तपासला गेला. तो वृक्षाच्या मुळाशी नव्हता, इतरांसारखाच मधल्या फांद्यांत होता.

पद्धतीला मर्यादा आहेत. ज्या प्रदेशातून नमुनेच आले नाहीत, तो वृक्षावर दिसत नाही आणि मधला मुक्काम गळून प्रवास थेट झाल्यासारखा वाटतो. दोन विषाणूंचे जनुकभाग एकमेकांत मिसळले, तर फांद्यांचाही घोळ होतो.

विषाणू हैतीमार्गे अमेरिकेत गेल्याचे निष्कर्ष हैतीवासीयांना बोचले, आणि ते समजण्यासारखे आहे. १९८३ मध्ये अमेरिकी आरोग्ययंत्रणेने त्यांना धोक्याच्या गटांत बसवले होते. १९९० मध्ये त्यांच्या रक्तदानावर बंदी आली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये प्रचंड मोर्चा निघाला होता.